फोनवरच्या ताई नेमक्या कुठे बसतात?



गेल्या महिन्यात एक आजोबा रक्तदाब तपासायला आले होते. दंडाला पट्टा बांधलेला असताना बोलू नका असं मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे नेमके तेव्हाच बोलतात. आजोबांच्या मांडीवर पेढ्यांचे दोन पुडे होते. "डॉक्टर, नात बारावी पास झाली. हा तुमचा, आणि हा फोनवरच्या ताईंचा. त्या बसतात कुठे? हिला घेऊन चार वेळा आलो, पण कधी दिसल्या नाहीत."

मी म्हटलं, "आजोबा, त्या कराडला नसतात. चिपळूणला असतात."

"मग येतात कधी?"

"येत नाहीत. घरूनच काम करतात."

मी चेष्टा करतोय असं वाटून आजोबा माझ्याकडे बघत राहिले. रक्तदाब अर्थातच पुन्हा मोजावा लागला. त्यांच्या पत्नी आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी समुपदेशनाला येतात, त्याच्या वेळा या ताईच ठरवतात. आजोबांच्या डोळ्यांसमोर त्या माझ्या केबिनच्या मागे कुठेतरी खुर्ची टाकून बसलेल्या होत्या.

तेव्हा वाटलं, याविषयी एकदा लिहायला हवं. तुमचा फोन कोण उचलतं, तुमचं नाव कुठे लिहिलं जातं, तुम्हाला मेसेज कोण पाठवतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं. इतर आजारांत हवंच, मनाच्या उपचारांत जरा जास्तच. या कामात माझ्या हातून एक चूकही झाली आहे, तीही सांगणार आहे. पेशंट ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.

फिजिशियनच्या दवाखान्यात समुपदेशन कशाला?

मी एमडी मेडिसिन. ताप, मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, दमा हे माझं रोजचं काम. पण सत्तावीस वर्षं ओपीडी केल्यावर काही चेहरे ओळखू यायला लागतात. छातीत धडधड होते म्हणून कुणी येतं. ईसीजी व्यवस्थित, इको व्यवस्थित, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही व्यवस्थित. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" असं मी आनंदाने सांगतो, आणि समोरच्याचा चेहरा आणखी पडतो. कारण रिपोर्ट नॉर्मल असले तरी रात्री तीन वाजता उठून बसणं काही नॉर्मल नसतं.

निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ही सगळी माणसं तोवर काय करत असतात? त्यातली बरीच माझ्यासारख्या डॉक्टरकडे ॲसिडिटीची गोळी मागत असतात.

म्हणून काही वर्षांपूर्वी मी दवाखान्यातली मागची खोली एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मॅडमना दिली. इथे एक खुलासा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढे शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधं देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून, पद्धतशीर तंत्रांनी उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. मॅडम आठवड्यातून तीन दिवस दुपारी बसतात, एका पेशंटला पन्नास मिनिटं देतात.

त्या पन्नास मिनिटांत फोन वाजून चालत नाही आणि उचलून तर मुळीच चालत नाही. सुरुवातीला माझ्या नेहमीच्या कंपाउंडरनेच फोन घ्यायचं ठरलं. तो भला माणूस आहे, माझ्याकडे एकोणीस वर्षं आहे, पण त्याचा आवाज बाजारात माल विकायला शोभेल असा. एक दिवस मी पेशंट तपासत असताना बाहेरून ऐकू आलं, "मॅडम, ते टेन्शनवाले पाहुणे आलेत!" वेटिंगमध्ये तेव्हा अठरा माणसं होती. तालुक्याच्या गावात त्या अठरांपैकी पाच तरी त्या पाहुण्यांना ओळखत असणार.

शिवाय फोन चुकायचे. ओपीडीच्या गर्दीत चुकलेले फोन संध्याकाळी मॅडम परत लावायच्या, रात्री साडेनऊपर्यंत. त्यातले निम्मे लोक म्हणायचे, "नाही, काही नाही, चुकून लागला." तो चुकून लागलेला नसायचा. ताप आलेला माणूस फोन लागला नाही तर पुन्हा लावतो. या उपचारांसाठी फोन करणाऱ्याने तीन आठवडे धीर गोळा केलेला असतो, नंबर दोनदा अर्धा दाबून सोडलेला असतो. फोन वाजून वाजून थांबला की त्याला वाटतं, झालं, देवाच्याच मनात नाही. मग तो पुन्हा करत नाही.

दूर बसून काम करणारी सहायक

'व्हर्च्युअल असिस्टंट' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही रोबोटच डोळ्यांसमोर आला. पण ही हाडामांसाची माणसं असतात, फक्त तुमच्या कचेरीत बसत नाहीत. फोन, कॉम्प्युटर आणि इंटरनेट यांच्या आधारे घरून काम करतात. मॅडमच्या ओळखीतून आम्हाला या ताई मिळाल्या. आधी पुण्यात एका कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायच्या, बाळंतपणानंतर सासरी चिपळूणला आल्या. २०२१ च्या जुलैतल्या पुरात त्यांच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला होता. दुसऱ्या वर्षी आमचं बोलणं झालं तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं, "सर, पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. चालेल ना?" आम्ही इन्व्हर्टरचे पैसे दिले.

त्या करतात काय? फोन घेतात. वेळा देतात, बदलतात, रद्द झालेली वेळ प्रतीक्षा यादीतल्या माणसाला देतात. पहिल्या भेटीआधीचा माहितीचा आणि संमतीचा फॉर्म पाठवतात, मराठीत वाचून दाखवायची गरज असेल तर वाचून दाखवतात. व्हिडिओवर भेट असेल तर लिंक पाठवतात आणि ज्यांना कॅमेरा सुरू करता येत नाही त्यांना दहा मिनिटं आधी फोन करून शिकवतात. फी, पावत्या, विम्यासाठी लागणारी पत्रं तेही बघतात. मॅडमच्या रात्री मोकळ्या झाल्या. फोन चुकायचे ते जवळजवळ थांबले. सोपं वाटतं ना? पहिले दोन महिने मलाही वाटलं.

त्या काय करत नाहीत हे जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही का येताय हे त्या विचारत नाहीत. स्वतः सांगायला लागलात तर प्रेमाने थांबवतात, "हे मॅडमनाच सांगा, म्हणजे तुम्हाला दोनदा सांगावं लागणार नाही." हे वाक्य मॅडमनी त्यांना पाठ करून दिलं होतं, आता ते त्यांचंच झालंय. मॅडमच्या टिपणांची वही, म्हणजे आता कॉम्प्युटरमधली फाईल, त्यांना उघडता येत नाही. खरं सांगायचं तर मलाही उघडता येत नाही. एखाद्या पेशंटच्या औषधांसाठी मला काही माहीत असणं गरजेचं असेल तर मॅडम पेशंटला विचारतात आणि मगच मला सांगतात. पहिल्यांदा मला याचा थोडा रागच आला होता. दवाखाना माझा ना! मग लक्षात आलं की दवाखाना माझा असला तरी गोष्ट पेशंटची आहे.

माझी चूक

तिसऱ्या महिन्यात मी आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवायची पद्धत सुरू केली. डेंटिस्ट मित्राकडे ती होती आणि मला फार आवडली होती. मजकूर मीच लिहिला: "उद्या सायंकाळी ५ वाजता आपली समुपदेशनाची भेट आहे. कृपया वेळेवर यावे." खाली दवाखान्याचं नाव. ताईंनी विचारलं होतं, "सर, समुपदेशन असं लिहायचं का?" मी म्हटलं, "लिहा की, नाहीतर लोक माझ्या ओपीडीला येऊन बसतील."

थायरॉईडसाठी माझ्याकडे येणाऱ्या एक बाई होत्या. तिशीतल्या, दोन मुलं. झोप नाही, रडू येतं, म्हणून मीच त्यांना मॅडमकडे पाठवलं होतं. दोन भेटी झाल्या होत्या आणि मॅडमच्या मते त्या नुकत्या बोलायला लागल्या होत्या. फॉर्मवर 'मोबाईल नंबर' एवढंच विचारलं होतं, म्हणून त्यांनी घरातला नंबर लिहिला होता. तो फोन सासूबाईंच्या हातात असायचा.

मेसेज सासूबाईंनी नातवाकडून वाचून घेतला.

बाई त्या दिवशी आल्या नाहीत. ताईंनी नेहमीप्रमाणे एक फोन केला, तो कट झाला. तीन आठवड्यांनी त्या थायरॉईडची गोळी लिहून घ्यायला माझ्याकडे आल्या, नवऱ्याबरोबर. तो बाहेर पैसे द्यायला गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, तिकडे नका पाठवू आता. घरी सगळ्यांना कळलं. मला वेडी म्हणतात." एवढंच. त्यांनी मला दोषही दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं?" आणि उठल्या. आजही दर तीन महिन्यांनी येतात. थायरॉईड ताब्यात आहे, वजन पाच किलोंनी उतरलंय. झोपेबद्दल मी विचारतो, त्या "लागते" म्हणतात. मॅडमच्या खोलीच्या दाराकडे बघत नाहीत.

ताईंना जेव्हा हे कळलं तेव्हा त्यांना वाटलं की चूक त्यांची. ती माझी होती. त्यांनी विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

यात कायद्याचीही बाजू आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. कायदा वाचून मी तो मेसेज लिहिला नव्हता. मधुमेहाच्या पेशंटला "उद्या साखर तपासायची आहे" असा मेसेज गेला तर घरचे म्हणतात, "जा बाबा, तपासून घे." इथे ती परिस्थिती नाही. कधीतरी यावी अशी इच्छा आहे, पण आजच्या पेशंटने त्याची किंमत का मोजायची?

त्यानंतर काय बदललं

आता पहिल्याच फोनवर ताई विचारतात, "या नंबरवर आलेला मेसेज आणखी कुणी वाचतं का? फोन दुसऱ्या कुणी उचलला तर मी कुठून बोलतेय म्हणून सांगू? तुम्हाला मोकळेपणाने बोलता येईल अशी वेळ कोणती?" उत्तरं फार बोलकी असतात. एका शिक्षकांनी सांगितलं, "कुणी उचलला तर विम्यातून बोलताय म्हणा." ताई म्हणाल्या, "खोटं नको, मी नुसतं 'पुन्हा करते' म्हणून ठेवीन." मला हे पटलं. एका मुलीने सांगितलं, मेसेज अजिबात नको, ती स्वतःच कॉलेजमधून फोन करेल. मेसेज जातो तिथे आता एवढंच असतं: "उद्या ५ वाजता येण्याचे लक्षात असू द्या." कुठे, कशासाठी, काही नाही.

पैशांचीही भानगड असते हे मला माहीत नव्हतं. यूपीआयने फी भरली की मोबाईलवर समोरच्याचं नाव येतं, बँकेच्या खात्यात नोंद राहते. खातं नवऱ्याशी जोडीने असेल तर मेसेज त्यालाही जाऊ शकतो. पूर्वी आमच्या खात्याच्या नावातच 'समुपदेशन' शब्द होता. तो काढला. पावतीवर फक्त दवाखान्याचं नाव आणि सल्ला शुल्क. विम्यासाठी सविस्तर पावती लागली तर मागणाऱ्यालाच, त्याच्याच हातात.

ताईंच्या घरीही बघावं लागलं. घरून काम म्हणजे घरात माणसं आलीच. त्यांच्या सासूबाई हौशी आहेत, कोण फोनवर आहे हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. म्हणून कामाच्या वेळी माळ्यावरची खोली, दार बंद, कानाला हेडफोन आणि पेशंटचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही. कामाचा फोन आणि सिमकार्ड वेगळं. पेशंटचा फॉर्म स्वतःच्या फोनवर येऊ द्यायचा नाही, कारण व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बघता बघता फोनच्या गॅलरीत जातो आणि तिथून मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोंत जाऊन बसतो. वेळापत्रकात पूर्ण नावाऐवजी क्रमांक. गुप्ततेचा लेखी करार, त्यावर सही. कॉम्प्युटरला पासवर्ड आणि शिवाय मोबाईलवर येणारा कोड. हे सगळं आम्ही एका दिवसात शहाणे होऊन केलं असं नाही. दर वेळी काहीतरी राहिलेलं सापडायचं, मग त्याची सोय करायची.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ

सव्वासात वाजले होते. मॅडमचा बसायचा दिवस नव्हता. पावसामुळे ओपीडी कमी होती. एका तरुणाचा फोन ताईंना आला. तो तीन वेळा येऊन गेला होता, पुढची भेट चार दिवसांनी होती. त्याने ती रद्द करायला सांगितली.

ताईंनी विचारलं, "दुसरी वेळ देऊ का?"

तो म्हणाला, "नको. आता गरजच नाही पडणार. मॅडमना सांगा, त्यांनी खूप केलं माझ्यासाठी. पैसे राहिले असतील तर सांगा, आत्ताच पाठवतो."

वेळ रद्द करणारे रोज असतात. पण आभार मानून, हिशेब मिटवून, पुढची वेळ नको म्हणणारा माणूस वेगळा असतो. मॅडमनी ताईंना हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. ताई समुपदेशक नाहीत, त्यांनी उपचार करायचे नाहीत, उपदेश तर नाहीच. पण त्यांनी काय करायचं हे एका कागदावर लिहिलेलं होतं आणि तो त्यांच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवलेला होता. फोन ठेवायचा नाही. सरळ विचारायचं. तो माणूस कुठे आहे आणि त्याच्याजवळ कोण आहे हे बघायचं. दुसऱ्या फोनवरून मॅडमना, त्या नाही उचलल्या तर मला सांगायचं.

त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?"

अनेकांना वाटतं, असं विचारल्याने ते विचार माणसाच्या डोक्यात घातले जातात. तसं होत नाही. विचार आधीच असतो. कुणीतरी तो न घाबरता नावाने उच्चारला की माणसाला एकटेपणातून थोडं बाहेर येता येतं. हे तुम्हीही लक्षात ठेवा, घरात कधी उपयोगी पडेल.

पलीकडे बराच वेळ काही बोलणं झालं नाही. मग तो म्हणाला, "हो."

ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी फोन ठेवत नाही. आपण दोघं इथेच आहोत. घरी कोण आहे आत्ता?" दुसऱ्या हाताने त्यांनी मला फोन लावला. फॉर्मवर 'अडचणीत कुणाला कळवू' या रकान्यात त्याने थोरल्या भावाचा नंबर दिलेला होता. तसं कळवायला पहिल्याच भेटीत त्याची लेखी संमती घेतलेली असते. मी भावाला फोन केला, तो दोन गल्ल्या पलीकडे दुकानात होता. तो पोहोचेपर्यंत अकरा मिनिटं गेली. ती अकरा मिनिटं ताई चिपळूणच्या माळ्यावर, इन्व्हर्टरच्या उजेडात त्या मुलाशी बोलत होत्या. काय बोललात म्हणून मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "काही विशेष नाही सर. जेवलात का विचारलं. पाऊस तिकडे कसा आहे विचारलं. तो बोलेल ते ऐकलं."

त्या रात्री आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, काही दिवस दाखल ठेवलं. आज तो कामाला लागलाय. औषधं चालू आहेत, मॅडमकडेही येतो.

पण मला सांगायचंय ते पुढचं. सकाळी साडेसहाला ताईंचा मला मेसेज होता: "सर, मी बरोबर बोलले ना?" मी फोन केला. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या, जेवल्याही नव्हत्या. सासूबाईंनी विचारलं तर काय झालं हे सांगताही येत नव्हतं, कारण गुप्ततेच्या करारावर सही केलेली. दवाखान्यात असं काही झालं की आम्ही सगळे चहा पितो, कंपाउंडर दोन शिव्या घालतो, नर्स डोळे पुसते, आणि मग घरी जातो. चिपळूणच्या माळ्यावर चहाला कुणीच नव्हतं. माझ्या मनात हे कधी आलंच नव्हतं. दूरची सहायक ठेवताना मी इंटरनेटचा विचार केला, विजेचा केला, पासवर्डचा केला.

मॅडम त्याच दिवशी दुपारी तासभर त्यांच्याशी व्हिडिओवर बसल्या. तेव्हापासून दर गुरुवारी अर्धा तास त्या दोघी बोलतात. त्यात कामाचं असतं, नसतंही. महिनाअखेरीस ताईंनी तासांचा हिशेब पाठवला, तेव्हा त्यात त्या संध्याकाळचे तास नव्हते. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते काय काम होतं का सर?" मी ते तास स्वतः लिहिले.

आणि खरोखरचा रोबोट?

आता तोही आला आहे. मागे एक विक्रेता आला होता. "सर, आमचा चॅटबॉट चोवीस तास मराठीत उत्तरं देतो, पगार नाही, सुट्टी नाही." वेळ देणं-बदलणं यासाठी मला त्यात काही गैर वाटत नाही. पण मी त्याला ऑगस्टमधल्या फोनबद्दल विचारलं. "वेळ रद्द करा" म्हटल्यावर तुमचं यंत्र काय करेल? तो म्हणाला, "लगेच रद्द करेल सर, दोन सेकंदांत."

यंत्राशी मन मोकळं करणं ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो समुपदेशकासारखे प्रश्न विचारायचा, खरं तर माणसाचीच वाक्यं उलटी करून त्याला परत द्यायचा. तो कसा बनतोय हे रोज बघणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीनेच त्याच्याशी बोलताना वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं. ते यामुळे हादरले आणि पुढे आयुष्यभर याविषयी सावध करत राहिले. मला मात्र त्या सेक्रेटरीविषयी वाटतं. ऐकणारं कुणी मिळालं की माणूस बोलतो, एवढंच.

तुमच्यापैकी काही जण रात्री झोप लागेना म्हणून अशा ॲपशी बोलत असाल. मी रागावणार नाही. मनातलं लिहून काढल्याने हलकं वाटतं. पण औषधाचा डोस कमी-जास्त करणं, गोळ्या बंद करणं, हे त्याला विचारून करू नका. २५ मार्च २०२० ला आलेल्या आपल्या देशाच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट म्हटलं आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने पेशंटला सल्ला देऊ नये किंवा औषधं लिहू नयेत. ती डॉक्टरला मदत करू शकते, अंतिम सल्ला डॉक्टरचाच हवा. आणि जीव नकोसा वाटत असेल तर माणसाशीच बोला. 'टेली मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२.

तुम्ही कुठेही उपचार घेत असाल, तरी पहिल्या फोनलाच विचारायला संकोच करू नका. फोन घेणारी व्यक्ती कोण आहे? माझं नाव-नंबर आणखी कोण बघतं? टिपणं कुणाला वाचता येतात? मेसेजमध्ये काय लिहिता? असं विचारलं म्हणून कुणी नाराज झालं तर तेही तुम्हाला बरंच काही सांगून जातं. आणि फॉर्मवर स्वतःच्या हातात असलेला नंबर लिहा, घरचा नको. अडचणीत कुणाला कळवायचं तो रकाना मात्र रिकामा सोडू नका. भाऊ, मैत्रीण, शेजारी, कुणीही चालेल. तुमच्या पसंतीचं माणूस हवं.

आजोबांचा पेढ्यांचा पुडा कंपाउंडरने चिपळूणच्या एसटीतून ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. कुंभार्ली घाटात गाडी दोन तास अडकली होती, तरी पेढे चांगले राहिले असं ताईंनी कळवलं.

जाता जाता एक सूचना. गणपतीत ताई दहा दिवस सुट्टीवर आहेत. त्या काळात समुपदेशनाच्या वेळेसाठी मॅडम स्वतः रोज संध्याकाळी ६ ते ७ फोन घेतील. कंपाउंडर घेणार नाही, त्याला मी सांगून ठेवलं आहे.